शाळेत अर्धा तास धाक घालून पोरं गुन्ह्यापासून लांब राहतात का?

उंबरठा
मुलीच्या शाळेत 'गुन्हेगारीपासून दूर राहा' असा कार्यक्रम होता. पालक म्हणून जाऊन बसले. वर्दीतले साहेब, मागे पडद्यावर बेड्या आणि गजांचे फोटो. शेवटी साहेबांनी विचारलं, "तुरुंगात जायचंय का कुणाला?" सगळा हॉल एकसुरात "नाहीऽऽ". टाळ्या, फोटो, अहवालाची सोय झाली. नववीतल्या ज्या दोन मुलांची नावं शिक्षकांच्या तोंडी सारखी असतात, ती तिथे नव्हतीच. मारामारी केली म्हणून आठवडाभर घरी बसवली होती.

माझं मत: असले कार्यक्रम बंद करावेत. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात १९७०च्या दशकात पोरांना आत नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दरडावण्याचा उपक्रम होता. 'स्केअर्ड स्ट्रेट' म्हणून तो गाजला आणि ठिकठिकाणी उचलला गेला. पुढे अशा नऊ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा दिसलं की धाक घातलेली मुलं न घातलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे करतात. म्हणजे काहीच न करणं परवडलं.

निवृत्त हवालदार
ताई, टाळ्या आणि फोटोंबद्दल बोललात ते खरं आहे. पण मी बरीच वर्षं असे कार्यक्रम केलेत, निवृत्तीनंतरही जातो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. एकदा सगळे गेल्यावर मी खुर्च्या उचलत होतो. आठवीतली एक मुलगी दाराशी घुटमळत होती. म्हणाली, "काका, माझ्या मैत्रिणीला एक जण फोटो मागतोय. नाही दिले तर आधीचे सगळ्यांना दाखवीन म्हणतो." मैत्रीण कोण ते कळायला पोलिसात असावं लागत नाही. तक्रार झाली, माणूस सापडला. मी त्या शाळेत गेलोच नसतो तर ती कुणाकडे गेली असती? मुलं गुन्हा करतात तशी गुन्ह्याला बळीही पडतात, हे तुमच्या हिशेबात नाही.

उंबरठा
काका, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, मान्य. पण ती मुलगी भाषणामुळे आली की तुम्ही खुर्च्या उचलायला मागे थांबलात म्हणून? आमचे साहेब टाळ्या संपायच्या आत गाडीत बसले होते.

आकडेमोड
भाषणाबाबत उंबरठा यांच्याशी सहमत. लॉस एंजेलिसला १९८३मध्ये 'डेअर' सुरू झालं. पोलीस वर्गात जाऊन अमली पदार्थांवर धडे देत. देशभर पसरलं, टीशर्ट निघाले, पालक खूश. अभ्यासांत मात्र दीर्घकालीन परिणाम जवळजवळ शून्य निघाला, आणि २००९मध्ये अभ्यासक्रम बदलावा लागला. लोकप्रिय असणं आणि उपयोगी असणं या दोन गोष्टी आहेत.

पण "बंद करा" याला माझा विरोध. शिकागोत २०१२च्या उन्हाळ्यात हिंसाग्रस्त भागांतल्या शाळांमधल्या मुलांना आठ आठवड्यांचं अर्धवेळ काम दिलं. अर्ज जास्त, जागा कमी, म्हणून सोडत काढली, त्यामुळे तुलना चोख झाली. पुढच्या १६ महिन्यांत काम मिळालेल्यांच्या हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४३ टक्क्यांनी कमी. "पोरं कामात गुंतली म्हणून वेळ नव्हता" असं म्हणाल, तर बरीचशी घट काम संपल्यानंतरची आहे.

आडमुठा
वा! दगड मारणाऱ्याला नोकरी, फुटबॉल, दादा-ताई. आणि खाली मान घालून अभ्यास करणाऱ्याला? काही नाही. माझ्या मुलाची सायकल चोरणारा पोरगा आता कसल्याशा शिबिराला जातो म्हणे. आमची सायकल अजून मिळालेली नाही.

आकडेमोड
सायकलीचं वाईट वाटलं, खरंच. पण त्या सोडतीतल्या बहुतेक मुलांना तोवर एकदाही अटक झाली नव्हती. गुन्हा केला म्हणून बक्षीस, असा तो प्रकार नव्हता.

खेळगडी
मी आठवड्यातून दोन संध्याकाळी अशा मुलांबरोबर असतो. शिकागोच्याच दुसऱ्या एका उपक्रमातला खेळ आम्हीही घेतो. जोड्या पाडायच्या, एकाच्या मुठीत चेंडू, दुसऱ्याने ३० सेकंदांत तो मिळवायचा. नुसती झोंबाझोंबी! बोटं पिरगाळतात, एकाने तर चावा घेतला. वेळ संपल्यावर विचारायचं, "नुसता मागितला का नाही?" आमच्याकडचा एक दांडगट म्हणाला, "मागितला असता तर त्याने भित्रा समजलं असतं." समोरचा म्हणाला, "मी दिला असता की. चेंडूच तर आहे." नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. तिकडे या उपक्रमाच्या काळात हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका जवळपास निम्म्यावर आल्या. उपक्रम संपल्यावर परिणाम ओसरला, हेही सांगायला हवं.

आणि आमची खरी अडचण तीच. मध्यंतरी निधी संपला, चार महिने हॉल बंद. कुलूप काढायला गेलो तर पायरीवर एक पोरगा बसलेला. म्हणाला, "मला वाटलं तुम्ही पण गेलात." त्या 'पण'मध्ये कोण कोण होतं ते मी विचारलं नाही.

आडमुठा
म्हणजे शेवटी पैसे आणा. कळलं.

आकडेमोड
नुसत्या पैशांनी आणि मायेने भागत नाही, हे आता माझ्याच बाजूविरुद्ध लिहितो. मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ ते १९४५ या काळात केंब्रिज आणि सोमरविलमधल्या मुलांना समुपदेशक दिले. घरभेटी, शिकवण्या, उन्हाळी शिबिरं. संशोधक जोन मॅकॉर्ड यांनी तीसेक वर्षांनी त्यांचा माग काढला. अनेकांनी "फार मदत झाली" असं सांगितलं. मदत न मिळालेल्या गटाशी ताडून पाहिलं तर व्यसन, मानसिक आजार, अकाली मृत्यू यांत हीच मंडळी पुढे. शिबिराला पुन्हा पुन्हा गेलेल्यांचं जास्त वाईट. दहा उपद्व्यापी पोरं एकत्र ठेवली की एकमेकांना शाबासकी द्यायला प्रेक्षक मिळतात, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. तेव्हा खेळगडी, तुमच्या गटात शांत मुलंही आहेत ना?

खेळगडी
अर्धीअधिक. आधी नव्हती. चटका बसल्यावर शहाणपण आलं, तो किस्सा पुन्हा कधीतरी.

निवृत्त हवालदार
धाकाबद्दल एक राहिलं. ग्लासगोत २००८पासून टोळीतल्या पोरांना कोर्टात बोलावून पोलीस स्पष्ट सांगायचे की हाणामारी चालू राहिली तर सोडणार नाही. त्याच बैठकीत मुलगा गमावलेली आई बोलायची, आणि बाहेर पडायचं असेल तर शिक्षण, काम यासाठी फोन नंबर हातात मिळायचा. तिथे धाकाला दार होतं. आपण नुसती भिंत दाखवतो.

उंबरठा
काका, हे पटलं. 'बंद करा' मागे घेते. काल शाळेत विचारलं, पुढच्या कार्यक्रमाला त्या दोघांनाही बोलवता येईल का? घरी बसवलेल्या मुलांना आवारात येता येत नाही, असं उत्तर मिळालं.

निवृत्त हवालदार
फाटकाबाहेर भेटायला परवानगी लागत नाही. त्यांच्या घरच्यांशी बोलून घ्या, मी येतो. वर्दी आता नाहीच.

आडमुठा
काका, त्यांना सायकलीचंही विचारा.