बहिणीच्या लग्नात 'दोन शब्द' बोलायचेत आणि माझे १४०० झालेत

आधीचा_मौनी

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसतं वाचतोय, लिहायची वेळ पहिल्यांदाच आलीय. धाकट्या बहिणीचं लग्न बारा दिवसांवर आलंय. परवा फोनवर इकडचं तिकडचं बोलता बोलता तिने हळूच सोडून दिलं, "दादा, तू दोन शब्द बोलायचेस हं, बाबा असते तर तेच बोलले असते." आता यावर नाही कसं म्हणणार. हो म्हटलं आणि फोन ठेवल्यापासून पोटात गोळा.

मी शेवटचा माईक हातात धरला तो शाळेत, तिसऱ्या वाक्याला सगळं विसरलो आणि नमस्कार करून खाली उतरलो. ऑफिसात मीटिंगमध्ये बोलतो पण ते बसून आणि समोर लॅपटॉप असतो, त्यात कोणी रडत नाही.

काल रात्री बसून लिहून काढलं तर १४०० शब्द झाले. तिचा जन्म, शाळा, कॉलेज, नोकरी, बाबांचं आजारपण, होणारे मेहुणे किती चांगले, सगळं आलंय. वाचून मलाच जांभई आली. सुरुवात टाकतो:

"सन्माननीय व्यासपीठ, उपस्थित मान्यवर आणि जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आज या मंगल प्रसंगी आपल्यासमोर दोन शब्द बोलताना मला अत्यंत आनंद होत आहे. माझी बहीण लहानपणापासूनच हुशार, कष्टाळू, प्रेमळ आणि हसतमुख स्वभावाची आहे..."

किती वेळ बोलावं? पाठ करू की कागद घेऊ? विनोद टाकावेत का, मी अजिबात विनोदी नाहीये. आणि मुख्य म्हणजे बाबांचं नाव घेऊ की नको, घेतलं तर मी तिथेच ढसाढसा रडणार हे लिहून देतो.

खवचट_काका

बंधुभगिनींनो?? अरे त्यात तुझी खरी भगिनी कुठली ते तरी कळू दे. वक्तृत्व स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस नक्की.

लेखणीबहाद्दर

काकांकडे लक्ष देऊ नका, पण मुद्दा बरोबर आहे त्यांचा. 'सन्माननीय व्यासपीठ' पूर्ण उडवा. तिथे बसलेले अर्धे लोक तुम्हाला हाफ चड्डीत पाहिलेले आहेत, त्यांना मान्यवर म्हटलं की ते आणि तुम्ही दोघंही अवघडता.

आधी वेळेचा हिशोब करू. मी कार्यक्रमांचं निवेदन करतो, घड्याळ लावून मोजलेलं आहे, माईकवर समजेल असं सावकाश बोललं की मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द होतात. १४०० म्हणजे बारा-तेरा मिनिटं, मध्ये हशा आणि आवंढा धरून पंधरा. लोकांना भूक लागलेली असते, लहान मुलं पळत असतात, पाचव्या मिनिटाला मागच्या रांगेत गप्पा सुरू झाल्याच म्हणून समजा. तीन ते चार मिनिटं, म्हणजे साडेतीनशे-चारशे शब्द, बास. लिंकनचं १८६३ चं गेटिसबर्गचं भाषण जेमतेम २७० शब्दांचं, दोनेक मिनिटांत संपलं, आणि त्याच्या आधी एव्हरेट नावाचे मोठे नावाजलेले वक्ते दोन तास बोलले होते. त्या दोन तासांतलं एक वाक्य आज कुणाला येत असेल तर सांगा.

दुसरं, तुमच्या त्या 'हुशार, कष्टाळू, प्रेमळ, हसतमुख' मध्ये बहिणीचं नाव काढून माझ्या बहिणीचं टाकलं तरी चालतंय. हीच खरी अडचण आहे. विशेषणं सगळी खोडा आणि असा एक प्रसंग शोधा जो त्या हॉलमध्ये फक्त तुम्हालाच सांगता येईल. मोठा नको, बक्षीस मिळालं वगैरे तर अजिबात नको, घरातला फालतू वाटणारा चालेल. असा काही आहे का?

आधीचा_मौनी

काकांना दंडवत.

प्रसंग... एक आहे पण तो भाषणात सांगण्यासारखा आहे का माहीत नाही. मी कॉलेजला होतो तेव्हा रोज पहिलं लेक्चर चुकायचं माझं, आईची कटकट, बाबा गप्प. मोबाईल नव्हता, भिंतीवरचं घड्याळ बघून निघायचो. मग अचानक मी वेळेवर पोचायला लागलो, सरांनी पण एकदा सगळ्यांसमोर म्हटलं की सुधारला बघा हा. मला वाटलं मी खरंच सुधारलो. वर्षभराने घड्याळाचा सेल संपला, बाबा स्टुलावर चढून नवीन सेल घालत होते, मला विचारलं किती वाजले रे, मी शेजारच्यांना विचारून आलो आठ वीस, आणि यांनी काटे फिरवून साडेआठ लावले. म्हटलं बाबा चुकलं. तर वळून न बघता म्हणाले, "चुकलं नाही, तुझ्या बहिणीने जसं लावलेलं तसंच लावलंय." ती तेव्हा सातवीत होती. वर्षभर कुणाला काही बोलली नव्हती, खुर्चीवर चढून दहा मिनिटं पुढे करून ठेवलं होतं. मी आजतागायत तिला थँक्यू पण म्हटलेलं नाही.

लेखणीबहाद्दर

अहो मग १४०० शब्द कशाला लिहिलेत!! हे आहे ना भाषण. पूर्ण भाषण हेच.

आणि बघा, बाबा आपोआप आले त्यात. 'आज बाबा आपल्यात नाहीत' हे वाक्य म्हणायचीच गरज नाही, ते म्हटलं की सगळा हॉल मान खाली घालतो आणि तिथून परत आनंदात यायला वाटच उरत नाही. इथे बाबा स्टुलावर उभे आहेत आणि चोरी पचवतायत. लोक हसतील आणि हसता हसता डोळे पुसतील, दोन्ही एकदम. विनोद वेगळा टाकायचा नाही, हाच आहे.

सुलूमावशी

बाळा, वाचूनच माझे डोळे भरले. रडण्याबद्दल सांगते, माझ्या भाचीच्या लग्नात मी बोलले तेव्हा दुसऱ्याच वाक्याला बांध फुटला आणि पुढचं कुणाला काही कळलंच नाही, नुसता हुंदक्यांचा आवाज सगळ्या स्पीकरमधून. नंतर मुलीच्या वेळेस शहाणी झाले. जे वाक्य टोचतं ना, तेवढं एकच वाक्य घरात मोठ्याने म्हणायचं, भांडी घासताना म्हणायचं, आंघोळीला जाताना म्हणायचं, वीस वेळा, तीस वेळा. पहिले पाच-सहा वेळा रडायला येतंच, येऊ दे. मग ते वाक्य झिजतं. पूर्ण नाही झिजत पण तोंडातून बाहेर पडण्याइतकं झिजतं. मनातल्या मनात वाचून हे होत नाही हां, आवाज काढूनच म्हणायला लागतं.

आणि तरीही आलंच रडू तर थांबायचं. सॉरी सॉरी म्हणत बसायचं नाही, पाण्याचा घोट घ्यायचा, श्वास सावकाश सोडायचा, लोक थांबतात रे. भाऊ आहेस तिचा, कोण नावं ठेवणार.

साउंडवाला

मी अशा कार्यक्रमांना साउंड करतो म्हणून माईकबद्दल लिहितो कारण चांगलं भाषण माईकमुळे वाया जाताना रोज बघतो. हातातला माईक तोंडापासून तीन-चार बोटं लांब, हनुवटीच्या जरा खाली, आणि मान वळवली की माईकही मानेबरोबर वळला पाहिजे. नव्वद टक्के लोक इथेच फसतात, बहिणीकडे बघून बोलायला तोंड वळवतात, माईक राहतो आधीच्या जागी आणि नेमकं महत्त्वाचं वाक्य हवेत जातं. वरची जाळी मुठीत धरायची नाही, रॅपवाले धरतात तसं, आवाज घुसमटतो आणि शिट्टी पण वाजते. स्पीकरच्या पुढ्यात उभं राहायचं नाही, माईकमध्ये गेलेला आवाज स्पीकरमधून निघून परत माईकमध्ये शिरतो आणि कुंईईई सुरू होतं. फुंकर मारून आणि टकटक करून बघू नका प्लीज, 'ऐकू येतंय का' एवढं म्हटलं तरी पुरतं.

लवकर जाऊन साउंडवाल्याला भेटा, त्याला सांगा मी अमुक वेळी बोलणार, एकदा रिकाम्या हॉलमध्ये बोलून बघा. तेव्हा आवाज घुमेल, घाबरू नका, माणसं भरली की त्यांचे कपडे-अंग आवाज शोषतात आणि घुमणं कमी होतं.

आणि कागद! साधा ए-फोर कागद हात थरथरला की झाडाच्या पानासारखा हलतो, शेवटच्या रांगेतून पण दिसतं आणि माईकजवळ असेल तर फडफड ऐकू येते. जाड कार्ड घ्या, पोस्टकार्डाएवढी.

निवांत_पाटी

माझं मत वेगळं आहे, कागद-कार्ड काही नको, पाठ करून या. कागद हातात दिसला की लोकांना वाटतं पाठ पण करता आलं नाही सख्ख्या बहिणीसाठी.

लेखणीबहाद्दर

@निवांत_पाटी बिलकुल असहमत. मी मित्राच्या लग्नात पाठ करून गेलो होतो, शब्दन् शब्द. मधेच कुणाच्या तरी हातातलं ताट पडलं, मी एक शब्द चुकलो आणि पुढची सगळी माळ तुटली, कारण पाठ केलेल्यात दुसरं वाक्य पहिल्याच्याच बोटाला धरून चालतं. बारा-पंधरा सेकंद गप्प उभा होतो, मला वाटलं तासभर झाला. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक वाक्य पाठ, मधला प्रसंग सांगायचा, पाठ करायचा नाही. तो तुमच्याच घरात घडलाय, विसरणार कसा. कार्डावर फक्त 'लेक्चर / सर / सेल / स्टूल' एवढे चार शब्द, मोठ्या अक्षरात. मोबाईलमधून तर मुळीच वाचू नका, नेमकी स्क्रीन बंद होते किंवा कुणाचा तरी 'कुठे आहेस' म्हणून फोन येतो.

निवांत_पाटी

बरं बुवा, चार शब्दांचं कार्ड मान्य. अख्खं पान मात्र नाही.

अर्धवट_मानसतज्ज्ञ

घाबरण्याबद्दल, मी हे शिकतेय म्हणून लिहिते. आपल्याला वाटतं की माझी धडधड, घाम, सगळं लोकांना स्वच्छ दिसतंय. प्रत्यक्षात त्यातलं फार थोडं दिसतं. सावित्स्की आणि गिलोविच यांनी २००३ मध्ये यावर प्रयोग केले होते, बोलणाऱ्याला स्वतःची भीती जेवढी दिसतेय असं वाटत होतं तेवढी ऐकणाऱ्यांना दिसतच नव्हती, आणि गंमत म्हणजे ज्यांना ही गोष्ट आधीच सांगितली ते इतरांपेक्षा चांगलं बोलले. म्हणजे आता तुम्हाला सांगितलंय, काम झालं :) दुसरं, हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रूक्सचं २०१४ चं संशोधन, 'शांत हो शांत हो' असं स्वतःला बजावण्यापेक्षा 'मला उत्साह वाटतोय' असं मोठ्याने म्हटलेल्यांची भाषणं सरस झाली. छाती दोन्हीत धडधडतेच, नाव बदलायचं फक्त.

खवचट_काका

'मला उत्साह वाटतोय' असं एकटाच पुटपुटत फिरला तर लोक डॉक्टरकडे नेतील त्याला. बाथरूममध्ये जाऊन म्हण रे.

पण एक कामाचं सांगतो, नातेवाइकांच्या आभाराची यादी वाचू नकोस. एक नाव राहिलं की पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं, स्वानुभव, अजून एक मेहुणा माझ्याशी धड बोलत नाही. आणि 'आता संपलं रे तुझं स्वातंत्र्य' छाप जोक मारलास तर इथे तोंड दाखवू नकोस. जुनी प्रेमप्रकरणं तर स्वप्नात पण नाही.

सुलूमावशी

आणि होणाऱ्या मेहुण्यांना त्या गोष्टीत ओढून घे रे, नाहीतर सगळं आपल्याच घरचं कौतुक होतं आणि तिकडची माणसं पाहुण्यासारखी बसून राहतात. शेवटचं वाक्य त्यांच्याकडे बघून म्हण.

साउंडवाला

@सुलूमावशी माईकसकट बघून :)

आधीचा_मौनी

सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री परत लिहिलं, ३८० शब्द, मोबाईलवर रेकॉर्ड करून बघितलं तर तीन मिनिटं चाळीस सेकंद. सुरुवात आता अशी: "मी कॉलेजला असताना वर्षभर एकदाही उशिरा गेलो नाही, याचं सगळं श्रेय मी स्वतःला दिलं होतं." आणि शेवट मेहुण्यांकडे बघून, "तुमच्या घरातलं घड्याळ उद्यापासून पुढे असेल, कुणाला विचारू नका, फक्त वेळेवर पोचाल." कसं वाटतंय?

लेखणीबहाद्दर

एक अक्षर हलवू नका.

आधीचा_मौनी

(तेरा दिवसांनी) झालं एकदाचं!! उशीर झाला लिहायला, घर अजून पाहुण्यांनी भरलंय.

सुरुवातीला गुडघे खरंच थरथरत होते पण पहिलं वाक्य पाठ होतं ते निघालं, आणि लोक हसले, मी दचकलोच कारण आरशासमोर कुणी हसत नव्हतं. बाबांच्या वाक्याला आवाज गेला. मावशी, पंचवीस वेळा म्हटलं होतं हो, तरी गेला. थांबलो. पहिल्या रांगेतून आई म्हणाली "सावकाश", अगदी शाळेत सोडायला यायची तेव्हाच्या आवाजात, आणि मग ते वाक्य पूर्ण झालं. बहिणीला माहीतच नव्हतं की बाबांना माहीत होतं, तिने तिथूनच "काय??" असं जोरात विचारलं, माईक नव्हता तरी सगळ्यांना ऐकू गेलं. मेहुण्यांनी तिथल्या तिथे मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या हातात दिलं.

साउंडवाले, मान वळवली तेव्हा माईक पण वळवला. तीन कार्डं नेली होती, तिसरं खिशातच राहिलं, आत्ता कपडे धुवायला टाकताना सापडलं.

खवचट_काका

शाब्बास रे. त्या तिसऱ्यावर काय होतं?

आधीचा_मौनी

विनोद.