अनुभव धागा: मुलांच्या नावाचे पैसे आणि आपली फाईल

माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, वय 13. यंदा तिच्या निरामय आरोग्य विम्याचं नूतनीकरण राहून गेलं. लाखापर्यंतचं संरक्षण, त्यात थेरपीचाही काही खर्च मिळतो, आणि गेलं ते काही शे रुपयांच्या हप्त्यापायी. पॉलिसी 31 मार्चला संपते हे मला तोंडपाठ आहे. पण त्या आठवड्यात तिला फिट्स येत होत्या, म्हणजे विमा ज्यासाठी काढतात तेच चाललं होतं. योजनांची यादी नको, ती माझ्याकडे चार जणांकडून आलेली आहे. तुम्ही हे सगळं सांभाळता कसं आणि कुठे अडलात, ते लिहा.

ऑटिझम असलेल्या मुलाचे बाबा
मी दोन वर्षं थेरपीची प्रत्येक पावती डब्यात जपली, करात लागेल म्हणून. मग कळलं की प्राप्तिकराच्या 80डीडी कलमाची वजावट ठोक असते. अपंगत्व 40 टक्क्यांपासून पुढे असेल तर 75 हजार, 80 किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. खर्च नक्की किती झाला, याचा तिथे संबंध नाही. ऑटिझमसाठी फॉर्म 10-आयए, म्हणजे डॉक्टरी दाखला, मात्र हवा, तो नेमका माझ्याकडे नव्हता. तो मिळवला, तोवर मी नव्या करप्रणालीत गेलो होतो, आणि तिथे ही वजावटच नाही. पावत्यांचा डबा अजून आहे.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाची आई
मुलगा 18 चा झाला आणि बँकेने त्याचं खातं अडवलं. तोवर मी पालक म्हणून सही करत होते. आता म्हणाले, सही त्याची हवी. तो पेन हातात दिलं की गोल काढतो, छान काढतो, पण गोलच. साहेबांना वाटलं मी पैसे काढायला टपलेय. खात्यात होते आजीने टाकलेले 40 हजार.

नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालकत्व देते, हे मला त्याच्या शाळेतल्या दुसऱ्या आईने सांगितलं. आमच्या समितीची बैठक दोनदा पुढे गेली. शेवटी आम्हाला बोलावलं तेव्हा तो खुर्चीत बसायलाच तयार नव्हता. मॅडमनी त्याला विचारलं, ही कोण? म्हणाला, "माझी." झालं.

पालक नेमल्यावर सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यायची, आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब. मला आधी रागच आला. आईने हिशोब द्यायचा? पण त्या निमित्ताने त्याची वही वेगळी झाली. पूर्वी त्याचे पैसे घरखर्चात कधी मिसळायचे ते आम्हालाही कळत नसे. खोटं कशाला बोलू. आता धाकटी लेक वही उघडून बघू शकते, उद्या तिलाच बघायचं आहे.

22 वर्षांच्या मुलाची आई, गावाकडून
ताई, आमचं अडलं बोटांवर. अनुदानासाठी आधार खात्याला जोडायला पाहिजे, आणि लेकाची मूठच उघडत नाही. तीन ठिकाणी परत पाठवलं. चौथ्या ठिकाणच्या पोराला माहीत होतं, की बोटं घेता येत नसतील तर अपवाद म्हणून नोंद करता येते. पाच मिनिटांचं काम! संजय गांधी निराधार योजनेसाठी उत्पन्नाचा दाखला 50 हजारांच्या आतला लागतो, शिवाय वर्षाला हयातीचा दाखला. लेकाला उचलून जीपमध्ये घालायचं, उतरवायचं, तो जिवंत आहे हे दाखवायचं, परत आणायचं. ग्रामपंचायतीचा अपंगांसाठी पाच टक्के निधी असतो, तो मागायला ग्रामसभेत मी एकटीच उभी राहिले. पुढच्या सभेला आम्ही तिघी होतो.

केंद्र सरकारी निवृत्त वडील
ज्यांना कुटुंब निवृत्तिवेतन लागू आहे त्यांनी अपंग मुलाचं नाव पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, आपल्या हयातीतच घालून घ्यावं. नंतर कागद गोळा करायला मागे कोण असणार?

एक आई
माझं मत पटणार नाही कदाचित. मी तीन वर्षांपूर्वी सोडून दिलं. एका कागदासाठी रजा, रिक्षा, रांग, आणि गर्दीत ती कानांवर हात ठेवून ओरडते तेव्हा वळून बघणारी माणसं. ज्यांना परवडत नाही त्यांना ही निवडच नाही, हे मला कळतं. पण अपंगत्वाचं प्रमाणपत्र तात्पुरतं दिलं, पुन्हा या म्हणाले, तेव्हा मी बाहेर येऊन ते पर्समध्ये टाकलं, ते तिथेच आहे.

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीची आई
वरच्या ताईंना काही सांगायला नाही आले, फक्त माझं लिहिते. यूडीआयडी म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, बँक, विमा, सगळीकडे मोबाईल नंबर यांचा होता. हे गेले, आणि दोन महिन्यांनी सिम बंद झालं. ओटीपी कुठे जात होते देव जाणे. मी त्याच नंबरचं सिम माझ्या नावावर मागितलं तर मृत्यूचा दाखला, वारस, सगळं आलं. बँकेत झालं एकदाचं. बाकीचं चालू आहे, उद्या पुन्हा जायचंय.

धागाकर्ती
ताई, आत्ता उठून बघून आले. आमच्याकडेही नंबर यांचाच आहे.