थंडीत मॉडेल रेल्वेचे रूळ टाकताय तर फट ठेवाच
वर कुणीतरी लिहिलंय की आत्ता थंडीत रूळ बसवून सगळे सांधे सोल्डर करून (कथलाने जोडून) टाकावेत, म्हणजे गाडी अडखळत नाही. वळणावर ते बरोबर आहे, फ्लेक्स ट्रॅकचा (हवा तसा वाकवता येणाऱ्या रुळाचा) सांधा तिथे सोल्डर केलेलाच बरा. पण सरळ भागात असं अजिबात करू नका. निकेल सिल्व्हरचा (तांबं-निकेल-जस्ताच्या मिश्रधातूचा) एक मीटर रूळ 35 अंशांच्या फरकाने साधारण अर्धा मिलिमीटर वाढतो, आणि जानेवारीची पहाट ते मेमधली दुपार एवढा फरक आपल्या नागपुरात सहज पडतो.

खरा घोळ मात्र लाकडाचा. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत रुळाखालचा प्लायवूडचा पाट आकसतो आणि त्याच वेळी रूळ लांबतो, म्हणून फट नसेल तर रूळ बाजूला फुगतो आणि गेज (दोन रुळांमधलं अंतर) बिघडतो. आत्ता दर मीटरला अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त फट सोडा, फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) सोल्डर न करता नुसती सरकवा. वीज फिशप्लेटच्या भरवशावर ठेवू नका, रुळाच्या प्रत्येक तुकड्याला वेगळी फीडर वायर (वीज पुरवणारी तार) सोल्डर करा. प्लायवूडला खालून आणि कडांनाही वार्निश हवंच, बहुतेक जण फक्त वरून मारतात.