बिल्ला नाही म्हणून गाईवर उपचार नाहीत, हे बरोबर आहे का?

करवीरचा गोठेवाला
माझ्याकडं तीन म्हशी, दोन गाई. पाचही जनावरांच्या कानात सरकारी नोंदीच्या नंबराचे पिवळे बिल्ले मारून घेतलेत, त्यामुळं मी टॅगिंगच्या विरोधात आहे असं धरून बसू नका. १ जून २०२४ पासून राज्यात नियम आला: बिल्ला नसेल तर बाजारात खरेदी-विक्री नाही, वाहतूक नाही आणि सरकारी दवाखान्यात उपचारही नाहीत. पहिल्या दोन गोष्टी समजू शकतो. तिसरी मला अजिबात पटत नाही.

एका गाईचा बिल्ला गव्हाणीच्या तारेत अडकून कानासकट फाटून आला. चार दिवसांनी रात्री तिचं पोट फुगलं. सकाळी सरकारी दवाखान्यात गेलो तर पहिला प्रश्न, नंबर काय? बारा आकडी नंबर कोण पाठ करून ठेवतं? तास गेला. शेवटी खासगी डॉक्टर आणला. गाय वाचली, पण त्या तासात ती आडवी पडून हंबरत होती ते माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. बिल्ला तुटला ही गाईची चूक नाही आणि माझीही नाही. उपचाराला बिल्ल्याची अट नको, एवढंच माझं म्हणणं.

कागलकर
दादा, तुमच्या गाईचं वाईट वाटलं. पण २०२२ चा लम्पी, तो जनावरांच्या अंगावर गाठी आणणारा रोग, आठवा. माझा एक बैल त्यात गेला. सरकारनं बैलाला २५ हजार, दुभत्या गाईला ३० हजार, वासराला १६ हजार जाहीर केले. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा मेलेला बैल माझाच, हे सांगायला माझ्याकडं शेजाऱ्याच्या साक्षीशिवाय काय होतं? आणि हेड्याकडून, म्हणजे जनावरांच्या दलालाकडून, म्हैस घेताना दुसऱ्या वेताची म्हणून चौथ्या वेताची गळ्यात पडते, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला नवीन आहे? नंबरावर लस, रेतन, वेत यांच्या नोंदी राहिल्या तर फायदा लहान शेतकऱ्याचाच. सक्ती नसती तर मीसुद्धा बिल्ला मारला नसता, खरं सांगतो.

शाहूवाडीचा
आमची म्हसरं डोंगरात चरत्यात. करवंदीच्या जाळीत शिरली की बिल्ला तिथंच ऱ्हातो. कान फाटला की पावसात माशी बसती, किडं पडत्यात. वाड्यावर रेंज न्हाई. नोंदीला मोबाईल नंबर दिला त्यो पोराचा, आन् पोरगं मुंबईला. कागलकर, तुमच्या दावणीला बांधल्याल्या जनावराचा नियम आमच्या म्हसरांस्नी कसा लावायचा?

संस्थेत दूध घालणारी
मला बिल्ल्यापेक्षा त्याला जोडलेल्या कागदांचा त्रास झाला. जानेवारी २०२४ ला गाईच्या दुधाला लिटरमागं ५ रुपये अनुदान आलं. बिल्ल्याचा नंबर, आधार, बँक खातं सगळं जुळलं तरच पैसे. आमच्या गाई सासऱ्यांच्या नावावर, संस्थेत दूध मी घालते, खातं माझं. त्यात एका गाईच्या नंबरातला एक आकडा कुणीतरी चुकीचा भरला. ती दुरुस्ती करायला मी किती फेऱ्या मारल्या ते मलाच माहीत. पहाटे चारला उठून शेण काढायचं, धारा काढायच्या बाईनं, आणि नोंदीत तिचं नावच नाही. म्हशीच्या दुधाला तर ते अनुदानही नव्हतं, आणि आपल्याकडं घराघरात म्हैस.

सेवेतला पशुवैद्यक
काही गोष्टी स्पष्ट करतो. लसीकरण केलेल्या जनावरावर खूण करण्याची तरतूद २००९ च्या केंद्रीय कायद्यातच आहे. लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी टोचावी लागते. कुठल्या जनावराला कधी टोचली हे कळलं नाही तर सगळी मेहनत पाण्यात. ब्रिटनमध्ये २००१ साली हाच रोग मेंढ्यांच्या बाजारांतून देशभर गेला. तिथं गाईगुरांना पासपोर्ट, म्हणजे प्रत्येकाचा ओळखीचा कागद, होते, मेंढ्यांना स्वतंत्र क्रमांक नव्हते. साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. आपल्याकडं वडगावच्या जनावरांच्या बाजारातून एक आजारी जनावर निघालं तर संध्याकाळपर्यंत ते कुठल्या तालुक्यात पोचेल सांगता येत नाही.

राहिला उपचाराचा प्रश्न. मी स्वतः आधी सलाईन लावतो, मग बिल्ला मारतो. पण अट पूर्ण काढली तर निम्मे लोक नोंदीला येणारच नाहीत, हा माझा अनुभव आहे. बिल्ला तुटला तर जुना नंबर नव्याला जोडता येतो, फक्त तो कुठंतरी लिहिलेला हवा.

भुदरगडचा
विकलेल्या जनावराचं कोण बोलणार? भाकड गाय बाजारात विकली, घेणाऱ्यानं नाव बदलून घेतलं नाही, तर नोंदीत मालक मीच. पुढं ती भलत्याच टेम्पोत सापडली तर विचारणा माझ्या दारात. २०१५ पासून बैलही कत्तलीला देता येत नाही, म्हणजे भीती दुप्पट.

कागलकर
हे मात्र मान्य. नाव बदलायचं काम बाजारातच, पावती फाडतात त्याच टेबलावर व्हायला पाहिजे. पैसे मोजायच्या आधी.

करवीरचा गोठेवाला
डॉक्टर, तुमचं "आधी सलाईन, मग बिल्ला" हे तुमच्या चांगुलपणावर चाललंय. तुमची बदली झाली की संपलं. ते नियमात लिहून येऊ द्या, मग माझी सक्तीला हरकत नाही. अमेरिकेत २००४ साली अशीच देशभराची योजना काढली, लहान पशुपालकांनी विरोध केला, २०१० ला सरकारनं ती सोडली. २०१३ ला नियम आला तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्या जनावरांपुरता. म्हणजे रोगाचा माग काढायचा तर जनावर फिरतं तिथं धरा, आजारी पडतं तिथं नको.

वहिनी, तुमचं वाचून आज पाचही जनावरांचे नंबर वहीत उतरवले. वही घरात बायकोच्या नावानं ठेवलीय, कारण धार तीच काढते. आता नोंदीतही तिचं नाव घालता येतं का ते विचारायला सोमवारी जाणार आहे.

शाहूवाडीचा
डॉक्टरसाहेब, आमच्या वाड्यावर दोन म्हशी गाभण हायत, एक विकायची हाय. बिल्ल्याबिगर वडगावात कोण घेणार? यायचं असंल तर पावसाच्या आधी या. नंतर ओढा भरतो, वाट ऱ्हात न्हाई.