आईचा फक्त डावा पाय सुजलाय, पोटरी दुखते. शनिवारपर्यंत थांबलं तर चालेल का?

आई ६४ वर्षांची, साताऱ्यात असते. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन ५ वरून १० केल्यापासून संध्याकाळी तिचे दोन्ही घोटे सुजायचे, सकाळपर्यंत ओसरायचे. त्या गोळीने असं होतं हे माहीत होतं, म्हणून पुढच्या तपासणीला विचारू म्हटलं.

मागच्या आठवड्यात ती लग्नासाठी नागपूरला जाऊन आली, दोन्ही वेळा १३-१४ तास बसून. (वाटेत उतरावं लागू नये म्हणून प्रवासात पाणीसुद्धा पीत नाही, कितीदा सांगितलं.) आल्यावर तिसऱ्या दिवसापासून डावा पाय सुजलाय. टेपने मोजायला लावलं, डावी पोटरी उजवीपेक्षा साडेतीन सेंटीमीटर जास्त भरली. हाताला गरम लागते, अंगठ्याने दाबलं की खड्डा पडतो. रात्रभर उशीवर पाय ठेवूनही उतार नाही. आई म्हणते शीर आखडली, मावशी रोज तेल लावून चोळून देतेय. आत्याला धावरं (त्वचेचा जंतुसंसर्ग) वाटतंय, पण ताप नाही, जखम नाही. धापही लागत नाही.

मी बंगळुरूत, शनिवारी पोचेन. हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं का?

प्रतिसाद १
ताई, थांबू नका. आधी फोन करून चोळणं बंद करायला सांगा. दोन्ही पाय सुजले तर गोळी, हृदय, किडनी, लिव्हर बघतात. लांबच्या प्रवासानंतर एकच पोटरी सुजली तर आधी खोल शिरेत रक्ताची गुठळी नाही ना, ते बघायचं. ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं. आजच एमडी फिजिशियनकडे न्या, पायाचा कलर डॉपलर (शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या. धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं तर सरळ १०८. बीपीची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

प्रतिसाद २
माझ्या सासूबाईंचं अगदी असंच होतं, निघाली गुडघ्यामागची फुटलेली गाठ (बेकर सिस्ट). पण तेही डॉपलर केल्यावरच कळलं. तेव्हा तपासणी कराच.

धागाकर्ती
चुलतभावाने संध्याकाळीच नेलं. गुडघ्यामागच्या शिरेत गुठळी आहे. अ‍ॅडमिट केलंय, रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू झाली. पुढे निदान तीन महिने गोळ्या म्हणालेत. मी रात्रीच्या बसने निघतेय. तिला चालू द्यायचं की झोपवूनच ठेवायचं, हे सकाळी राउंडला विचारणार आहे. आणखी काय विचारून घेऊ?