एसी-हीटिंग कॉन्ट्रॅक्टरांची असोसिएशन सरकारदरबारी नक्की करते काय? फी भरू का नको

थंडगार_काम

नमस्कार मंडळी. आमचं काम छोटं आहे, स्प्लिट, व्हीआरएफ (एका आउटडोअरवर बऱ्याच खोल्या), डक्टिंग आणि हल्ली हीट पंप पण, मी आणि हाताखाली चार-दोन पोरं. असोसिएशनवाले दरवर्षी मेंबरशिपसाठी मागे लागतात, यंदा पण लागलेत. विचारलं की आम्हाला यातून काय, तर उत्तर ठरलेलं, आम्ही तुमची बाजू सरकारपुढे मांडतो. आता बाजू मांडतो म्हणजे काय करतो ते कोणी नीट सांगेल तर शपथ, अंक उघडावा तर कुठल्यातरी अधिकाऱ्याला गुच्छ देतानाचे फोटो. मला खरंच जाणून घ्यायचंय, कॉन्ट्रॅक्टर लोकांच्या संघटनेनं भांडून एखादा नियम बदलून घेतलाय असं कुठे झालंय का? का हे सगळं मोठ्या लोकांच्या सोयीचं आणि आम्ही फक्त डोकी मोजायला? आणि मशिन बनवणाऱ्या कंपन्यांची वेगळी असोसिएशन असतेच की, ती भांडते तेवढं पुरत नाही का? टोमणा नाही मारत, खरंच विचारतोय.

पाना_पक्कड

दादा तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून धरतो कारण गोम सगळी तिथेच आहे. कंपनी आणि आपण एकाच धंद्यात दिसतो पण नियमाची झळ दोघांना वेगळ्या जागी लागते. समजा सरकारनं ठरवलं अमुक गॅसच्या मशिनी बंद. कंपनीला चिंता कारखान्यातली लाईन कधी बदलायची, नवा गॅस कुठला धरायचा. आणि आपल्याला? गोडाऊनमधे पडलेल्या आउटडोअरचं काय, कोटेशन देऊन ॲडव्हान्स घेतलेल्या साईटचं काय, बिल्डरचंच काम रखडलं आणि तोवर तारीख उलटून गेली तर मशिन कोणाच्या गळ्यात? कंपनीनं माल विकला, पैसे घेतले, तिचा विषय संपला.

त्यामुळे बंदी मशिन बनवण्यावर आहे का बसवण्यावर आहे हे आपल्यासाठी जीवनमरणाचं आणि कंपनीसाठी त्यामानानं दुय्यम. अमेरिकेचं उदाहरण बघा. तिथल्या ईपीएनं, म्हणजे सरकारी पर्यावरण खात्यानं, ऑक्टोबर २०२३ मधे नियम काढला, घरगुती आणि छोट्या कमर्शियल एसी-हीट पंपात ७०० च्या वर जीडब्ल्यूपी (गॅस सीओटूच्या किती पट हवा तापवतो तो आकडा) असलेला गॅस चालणार नाही, एसीतल्या आर-४१०ए गॅसचा आकडा २०८८ म्हणजे तो बाद. आणि नियम असा होता की १ जानेवारी २०२५ पासून नवीन सिस्टिम बसवायलाच बंदी. म्हणजे २०२४ मधे कायदेशीर बनलेली, कायदेशीर विकत घेतलेली मशिन, तुमच्या गोडाऊनमधे एका रात्रीत भंगार. त्यावर वितरक, कॉन्ट्रॅक्टर, सगळ्यांनी ओरड केली की माल अडकेल, आणि डिसेंबर २०२३ मधे म्हणजे दोनेक महिन्यांतच दुरुस्ती आली, १ जानेवारी २०२५ च्या आधी बनलेला किंवा आयात झालेला माल १ जानेवारी २०२६ पर्यंत बसवता येईल. एक अख्खं वर्ष मिळालं. कुठल्या एकट्या कॉन्ट्रॅक्टरनं फोन करून हे झालं असतं का सांगा.

आणि जिथे असं जमलं नाही ते पण बघा. त्याच देशात २०२३ ला एसीच्या एफिशियन्सीची किमान पातळी वाढली, तर उत्तरेकडच्या राज्यांत हिशोब मशिन बनल्याच्या तारखेवर आणि दक्षिणेत बसवल्याच्या तारखेवर. उत्तरेतला माणूस जुना स्टॉक आरामात संपवत बसला, दक्षिणेतल्याला ३१ डिसेंबर २०२२ च्या आत सगळा जुना माल बसवून मोकळं व्हावं लागलं, नाहीतर ठेवा तसाच. धंदा तोच, मशिन तीच.

धूर_निघतोय

पक्कडभाऊंचं बोलणं चूक नाही पण नाण्याची दुसरी बाजू मी सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल असोसिएशन म्हणजे देवमाणसं.

पहिलं म्हणजे लायसन्सचा विषय. कुठेही जा, कॉन्ट्रॅक्टरांची संघटना म्हणणार की विनापरवाना काम बंद करा, परीक्षा ठेवा, अनुभवाची अट घाला. ऐकायला छान आणि थोडं बरोबर पण आहे, आता ज्वालाग्राही गॅस येतोय तर कोणीही उठून ब्रेझिंग (टॉर्चनं नळ्या जोडणं) करायला नको. पण बघा तर खरं, जुन्या मेंबरांना परीक्षेतून सूट, अट फक्त नव्या पोरांना. म्हणजे सुरक्षेचं नाव आणि काम स्पर्धा कमी करायचं. फी भरण्याआधी हे विचारा की तुमच्या मागणीत जुन्यांना काय नियम आहे.

दुसरं टाक्यांचं. अमेरिकेतलंच प्रकरण आहे म्हणून तेच सांगतो. ईपीएनं २०२१ मधे गॅसच्या वापरा-आणि-फेका टाक्या बंद करून परत भरायच्या टाक्या सक्तीच्या करायचं ठरवलं, शिवाय प्रत्येक टाकीवर क्यूआर कोड. कॉन्ट्रॅक्टरांची अ‍ॅका, वितरकांची हार्डी, प्लंबिंग-हीटिंगवाल्यांची संघटना असे सगळे कोर्टात गेले, आणि जून २०२३ मधे कोर्टानं ते दोन्ही रद्द केलं, का तर २०२० च्या कायद्यानं ईपीएला तेवढा अधिकारच दिलेला नाही. म्हणजे टाकी चांगली का वाईट यात कोर्ट शिरलंच नाही. आणि गंमत म्हणजे त्याच लढाईत एक टाक्या बनवणारी कंपनी पण ईपीएच्या विरोधात होती, आता तिचं पोट कशावर चालतं ते सांगायला नको.

असोसिएशनचं म्हणणं मान्य, परत भरायची टाकी जड असते, गच्चीवर शिडीनं चढवणाऱ्याला विचारा, वर ती परत पोचवायची कटकट. पण युरोपात फेकायच्या टाक्यांवर २००७ पासून बंदी आहे आणि तिथले एसी काही बंद पडले नाहीत. फेकलेल्या टाकीत तळाशी गॅस उरतो तो शेवटी हवेतच जातो, आणि चोरट्या मार्गानं येणारा गॅस पण बहुतेक असल्याच टाक्यांत येतो, ज्यामुळे नियमात राहून काम करणाऱ्याचा रेट पडतो. मग आपल्याच संघटनेनं आपल्याच प्रामाणिक माणसाविरुद्ध केस जिंकली असं पण म्हणता येईल की नाही? मी ठामपणे म्हणत नाही, पण विचार करण्यासारखं आहे.

पाना_पक्कड

@धूर_निघतोय टाकीचं पटतंय थोडं. पण युरोपात सक्ती झाली तेव्हा टाकी परत घेणारी साखळी पण उभी राहिली, नुसता नियम काढून भागत नाही. ती साखळी कोण उभी करणार, खर्च कोणाच्या माथी, हे बोलायला कोणीतरी आपला माणूस तिथे लागतोच ना. तुम्ही आत जाऊन भांडा की.

मॅनिफोल्ड_ताई

मी एका असोसिएशनच्या तांत्रिक समितीवर काम केलंय त्यामुळे आतलं थोडं सांगते. गुच्छाचे फोटो विसरा, खरं काम फार कंटाळवाणं असतं. मसुदा येतो, त्यावर हरकती-सूचना द्यायला साधारण एक-दोन महिने मिळतात, तेवढ्यात कोणीतरी शे-दीडशे पानं बसून वाचायची आणि कुठली ओळ साईटवर शक्यच नाही ते शोधायचं. "आमचं नुकसान होईल हो" असं लिहिलेली पत्रं कोणी वाचत नाही. त्याऐवजी लिहायचं की अमुक टनाच्या स्प्लिटला तुम्ही सांगता तेवढ्या वेळात गॅस पूर्ण रिकव्हर (मशिनमधून टाकीत काढून घेणं) होत नाही, लाईनची लांबी इतकी, बाहेरचं तापमान इतकं, मशिनला लागलेला वेळ हा, अशा जॉबशीट जोडायच्या. मग समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. आणि हा डेटा कोणाकडे असतो? तुमच्यासारख्या छोट्या लोकांकडे! मोठ्या फर्मचे साहेब साईटवर जातात कुठे.

दुसरी जागा म्हणजे स्टँडर्डच्या समित्या, तिकडे कोणाचं लक्षच नसतं आणि खरा खेळ तिथेच होतो. आर-२९० म्हणजे प्रोपेन, जीडब्ल्यूपी अगदी नगण्य पण पेट घेणारा, तो एका सर्किटमधे किती भरता येईल हे मंत्री ठरवत नाही, आयईसीची, म्हणजे विजेच्या उपकरणांची आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड काढणाऱ्या संस्थेची, समिती ठरवते. दुकानातल्या फ्रिज-फ्रीझरला आधी १५० ग्रॅमची मर्यादा होती, २०१९ मधे ती ५०० वर गेली, आणि एसी-हीट पंपाच्या स्टँडर्डमधे २०२२ च्या आवृत्तीत काही अटी पाळल्या तर ९८८ ग्रॅमपर्यंत. या खुर्च्यांवर बसलेले बहुतेक जण कंपन्यांचे किंवा टेस्टिंग लॅबचे. त्यांची मशिन लॅबमधे घट्ट असते हो, लीक होते ती पाच वर्षांनी गंजलेल्या फ्लेअर जॉईंटला, आणि तिथे टॉर्च घेऊन जाणार आपला मुलगा. त्याला ट्रेनिंग कोण देणार, स्पार्क न होणारी रिकव्हरी मशिन, गॅस डिटेक्टर यांचा खर्च कोणी करायचा, अपघात झाला तर जबाबदारी बनवणाऱ्याची का बसवणाऱ्याची, हे विचारणारा माणूस त्या खोलीत हवा. प्रवासखर्च करून, वर्षानुवर्षं असल्या मीटिंगांना बसायला एकटा कॉन्ट्रॅक्टर जाणार नाही, फीचा पैसा लागतो तो इथे. युरोपात २०२४ च्या नव्या एफ-गॅस (फ्लोरिनवाले कृत्रिम गॅस) नियमात सर्टिफिकेटची व्याप्ती वाढवून त्यात प्रोपेन, अमोनिया, सीओटू सारखे नैसर्गिक गॅस पण घेतलेत, आधी ते फक्त एफ-गॅसपुरतं होतं. माझ्या मते हा बदल आपल्या बाजूचा आहे, कारण न शिकलेला माणूस स्वस्तात काम घेतो आणि एक स्फोट झाला की नाव सगळ्या धंद्याचं जातं.

धूरदादांचा लायसन्सचा मुद्दा बरोबर आहे, हे होतं आणि मी होताना बघितलंय. जुन्यांना पण नव्या गॅसची परीक्षा द्यायला लावा म्हटलं की खोलीत एकदम शांतता.

अजून एक. असोसिएशनच्या मीटिंगमधे कोणी म्हणालं चला सगळे मिळून सर्व्हिसचा एकच रेट ठरवू, तर उठून बाहेर या. नियमावर एकत्र बोलणं चालतं, रेट संगनमतानं ठरवणं जवळजवळ सगळीकडे स्पर्धा कायद्यात गुन्हा किंवा दंडाचं काम आहे. चांगल्या असोसिएशनमधे मीटिंगच्या सुरुवातीलाच हे वाचून दाखवतात.

थंडगार_काम

ताई, भाऊ, धूरसाहेब, सगळ्यांचे आभार, एवढं तर मला असोसिएशनच्या माणसानं पण सांगितलं नव्हतं. एक विचारू का, घाई कितपत आहे? म्हणजे गॅस बदलणार बदलणार हे आम्ही जुन्या आर-२२ गॅसपासून ऐकतोय. आणि मेंबर नसताना मी एकट्यानं हरकत पाठवली तर चालते का?

शून्य_लीक

घाई देशागणिक वेगळी. २०१६ ची किगाली दुरुस्ती म्हणजे एचएफसी गॅस (आर-४१०ए त्यातलाच) कमी करायचा आंतरराष्ट्रीय करार, त्यात मुख्य तीन वेळापत्रकं आहेत. श्रीमंत देशांची कपात २०१९ लाच सुरू झाली, बहुतेक विकसनशील देशांचा वापर २०२४ ला गोठवला, आणि भारत, पाकिस्तान, आखाती देश वगैरे जो दुसरा गट आहे त्यांचा २०२८ ला गोठेल आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात. २०४७ ऐकून निवांत होऊ नका. आता बसवलेली मशिन दहा-पंधरा वर्षं चालते आणि तिला गॅस टॉप-अप करायला तुम्हालाच बोलावणार, तेव्हा गॅस मिळतोय का आणि कोणाला विकत मिळतोय, सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय टाकी मिळणार का, हे सगळं आत्ता निघणाऱ्या मसुद्यांमधे ठरतंय.

मॅनिफोल्ड_ताई

@थंडगार_काम हो चालते, जिथे मसुद्यावर जनतेच्या हरकती मागवतात तिथे कोणीही पाठवू शकतो, मेंबर असायची अट नसते. फक्त मुदतीत पाठवा, मसुद्यातला कलम नंबर लिहा आणि एका पत्रात एकच मुद्दा धरा, सोबत जॉबशीटची कॉपी. आणि फी भरण्याआधी असोसिएशनकडे एवढंच मागा, गेल्या दोन वर्षांत तुम्ही सरकारला आणि स्टँडर्ड समितीला पाठवलेली पत्रं दाखवा, आणि तांत्रिक समितीत पाच-सहा माणसांच्या फर्मचे किती जण आहेत ते सांगा. पत्रं दाखवायला जो टाळाटाळ करेल त्याला पैसे देऊ नका. दाखवली तर वाचा, आणि जमलं तर समितीतच या, तिकडे साईटवरचा माणूस कायम कमी असतो.