शब्दचर्चा: एक्झाफ्समधलं ‘अंतर’ म्हणजे नेमकं कुठलं?

शाहूपुरीकर: लेकीचं फेराइटवर (लोहाची चुंबकीय ऑक्साइडं) पीएचडीचं काम चालू आहे, इंदूरला इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (जोरदार क्ष-किरण देणारं यंत्र) घेतलेला एक्झाफ्सचा (क्ष-किरण शोषणावरून शेजारच्या अणूंची अंतरं काढायची पद्धत) डेटा आलाय आणि सारांश मराठीत लिहायला मला बसवलंय. ग्राफवर पहिला पीक (शिखर) १.५ अँगस्ट्रॉमला (मीटरचा एक हजार कोटीवा भाग) दिसतो आणि ती म्हणते लोह-ऑक्सिजन अंतर २ च्या आसपास लिही. असं कसं ओ? आणि ‘आंतरआण्विक’ चालेल का?

राजारामपुरी नववी गल्ली: शब्दाचं आधी उरकू. मराठीत अ‍ॅटम म्हणजे अणू, मॉलिक्यूल म्हणजे रेणू, हिंदीत तेच परमाणु आणि अणु, त्यामुळे हिंदीवरून उचललं की घोळ होतोय. सरळ ‘दोन अणूंमधलं अंतर’ लिहा.

आता १.५ चं. तो पीक म्हणजे अंतर नव्हेच. क्ष-किरण शोषला की अणूतनं इलेक्ट्रॉन सुटतो, त्याची लाट शेजारच्या अणूवर आपटून परत येते, म्हणजे कोल्हापूर-निपाणी जाऊन-येऊन, ग्राफवर एकेरी वाट धरतात ते ठीक आहे पण दोन्ही अणूंच्या क्षेत्रातनं जाताना लाटेची फेज (चढ-उताराची स्थिती) सरकते आणि साध्या फूरिए ट्रान्सफॉर्ममध्ये (डेटावरून हा ग्राफ काढायचं गणित) ते धरलेलं नसतं, म्हणून पीक ०.३ ते ०.५ अँगस्ट्रॉम अलीकडे येतो. तांब्याचंच बघा की, खरं अंतर २.५५ आणि पीक २.२ च्या आसपास. मी ग्राफवरच्याला ‘भासमान अंतर’ म्हणतो, नुसतं ‘अंतर’ फिटिंगनंतरच्या (मॉडेल डेटाशी जुळवून काढलेल्या) आकड्याला.

कळंबा रोड: भासमान नको भावा, वाचणाऱ्याला वाटेल पीकच खोटा. ‘फेज-दुरुस्तीआधीचं अंतर’ लिहा, लांबलचक आहे पण भांडण नको.

आणि एक, लोह दोन प्रकारच्या जागी बसतं, मॅग्नेटाइटमध्ये (हाही फेराइटच) टेट्राहेड्रल (चार ऑक्सिजनमधल्या) जागी लोह-ऑक्सिजन १.८९ आणि ऑक्टाहेड्रल (सहा ऑक्सिजनमधल्या) जागी २.०६. एवढा बारीक फरक सहसा सुटा दिसतच नाही, तो पहिला पीक दोन्हींची मिसळ असतो, तेव्हा एकच आकडा द्यायचा तर आधी ‘सरासरी’ लावा. एक्सआरडीशी (क्ष-किरण विवर्तनातनं निघालेल्या अंतराशी) तंतोतंत जुळत नाही म्हणून पोरीला घाबरवू नका, तिथं अणूंच्या सरासरी जागांमधलं अंतर मिळतं, इथं क्षणाक्षणाच्या अंतरांची सरासरी, अणू थरथरतात त्यामुळं ही किंचित जास्तच भरते.

शाहूपुरीकर: तिनं तीन दशांश दिलेत, ठेवू?

राजारामपुरी नववी गल्ली: दोन पुरे. चांगल्या फिटिंगलाही ०.०१-०.०२ ची चूक धरतात, तिसरा आकडा नुसता रुबाब.